बालवाडीतल्या मुलांचा ई-पोर्टफोलिओ कसा ठेवावा?

ई-पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या कामाचे फोटो, व्हिडिओ नि आवाज यांचा डिजिटल संग्रह. आधी फोटो कमी करा. एका मुलामागे आठवड्याला एक-दोन फोटो किंवा 20-30 सेकंदांचा एखादा व्हिडिओ पुरतो. ढीग साठला की कुणी परत बघत नाही. हसरा चेहरा नको, हात दिसू द्या: कात्री कशी धरली, मनोरा कोसळल्यावर खाली रुंद ठोकळा ठेवला का. त्याच दिवशी मुलाला फोटो दाखवून ‘इथे काय चाललं होतं?’ विचारा नि उत्तर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करा. खरा ऐवज तो, आपली शेरेबाजी नव्हे. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आधी टाका, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. पालकांची लेखी संमती हवीच. गटाचा फोटो दुसऱ्या मुलाच्या पोर्टफोलिओत गेला की तक्रारी तिथूनच सुरू होतात.