ऑनलाइन मिळणारी पेप्टाइडची कुपी मागवू का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे. पायाची जखम भरत नाही. कल्चरच्या रिपोर्टमध्ये बहुतेक अँटिबायोटिकपुढे 'आर', म्हणजे जंतूंवर लागू पडत नाही, असं लिहिलंय. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, आता मशीन लर्निंगने पेप्टाइडची औषधं शोधतात, त्यांचा त्रास होत नाही. ऑनलाइन कुपी मिळते म्हणे. मागवू का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मागवू नका. त्या कुपीत काय आहे हे कुणीच तपासलेलं नसतं.

मुलाचं बोलणं मात्र निराधार नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिनसुद्धा 51 अमिनो आम्लांचंच असतं. 20 प्रकारच्या अमिनो आम्लांतून नुसती दहाची साखळी करायची म्हटली, तरी दहा लाख कोटींवर प्रकार होतात. ते सगळे बनवून कोण बघणार? म्हणून आधी तपासलेल्या साखळ्यांची माहिती संगणकाला शिकवतात आणि नवीबद्दल अंदाज घेतात : जंतू मारेल का, माणसाला बाधेल का. बाधेल का, हे सांगणारं 'टॉक्सिनप्रेड' नावाचं सॉफ्टवेअर आपल्याच देशात, चंदीगडच्या इमटेक संस्थेत तयार झालं, 2013 साली.

खरी अडचण याच दुसऱ्या प्रश्नात आहे. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो. धन भाराचं पेप्टाइड त्याला चिकटतं आणि आपल्या तेलकट बाजूने आत घुसून आवरण फोडतं. ही तेलकट बाजू वाढवली की मारा वाढतो, पण एका मर्यादेपुढे आपल्या रक्तातल्या लाल पेशीही फुटू लागतात. मी कॉलेजात मुलांकडून ही चाचणी करून घ्यायचो. धुतलेल्या लाल पेशींत पेप्टाइड घालून नळी 37 अंशाला तासभर ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. पेशी शाबूत असतील तर त्या तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. फुटल्या असतील तर वरचं पाणीच लाल.

संगणकाने 'सुरक्षित' म्हटलेली साखळीही या नळीतून गेल्याशिवाय मी मानत नाही. त्याला शिकवलेल्या माहितीत फसलेले प्रयोग फार थोडे असतात, कारण ते कुणी छापतच नाही. याची मला मनापासून चीड येते. आणि नळीत मूत्रपिंड नसतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक पेप्टाइडच, जंतूंवर जबर, पण मूत्रपिंडाला इजा करू शकतं. मधुमेहात तर मूत्रपिंड आधीच जपावं लागतं. म्हणून पुढे प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या असतात, त्यांना वर्षं लागतात.

तुमची जखम तेवढी थांबणार नाही. रिपोर्टमध्ये 'एस', म्हणजे लागू पडणारं, असं लिहिलेलं काही आहे का, ते डॉक्टरांना विचारा. मेलेलं मांस काढायला हवं का, पायाचा रक्तपुरवठा बघायला हवा का, हेही विचारा. ताप आला, पाय काळा पडू लागला किंवा जखमेला वास येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.