दुसरी चावी हरवली म्हणून दावा सोडू नका
वाहन विमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत फिटर आहे, राहायला सिडकोत. दीड महिन्यापूर्वी बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर गेलो होतो. गाडगे महाराज पुलाजवळ मोटारसायकल हँडल लॉक करून लावली आणि भाजी घेऊन अर्ध्या तासात परत आलो, तर गाडी जागेवर नाही. तिथूनच ११२ ला फोन केला. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, दोन दिवस शोधा, कोणी चुकून नेली असेल. फिर्याद शुक्रवारी रात्री नोंदवून घेतली. विमा कंपनीला मी नवव्या दिवशी कळवलं, कारण मला वाटलं पोलीसच कळवत असतील. आता कंपनीचं पत्र आलंय : उशीर का झाला आणि दुसरी चावी कुठे आहे, याचा पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर दावा नाकारू. दुसरी चावी गेल्या वर्षी घर बदलताना हरवली. ओळखीचा एजंट म्हणतो, चावीवाल्याकडून एक करून घे आणि दोन्ही देऊन टाक. गाडीवर बँकेचं कर्ज आहे, हप्ते थांबवू का? पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ५६,००० आहे, पण फिर्यादीत पोलिसांनी किंमत ३०,००० लिहिली. मला नेमके किती मिळतील?
— एक वाचक, सिडको

उत्तर : दादा, चावीवाल्याकडे जाऊ नका. बाकीचं सगळं सावरता येईल, पण ही एक गोष्ट केलीत तर मग कोणीच काही करू शकणार नाही.

मी सत्तावीस वर्षं वाहन विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर काम केलं. चोरीच्या दाव्यात चाव्या समोर आल्या की मी त्या आधी बोटांनी चाचपायची. रोजच्या वापरातली चावी दातांच्या कडांना गुळगुळीत झालेली असते, रिंग जिथे अडकवतात त्या भोकाभोवती वळ पडलेला असतो, काळ्या प्लास्टिकवरचं चिन्ह अंगठ्याने पुसट झालेलं असतं. घरात कपाटात पडलेली चावी कोरी असते, कधी कधी शोरूमची नंबराची पट्टीही तिला तशीच असते. आणि चावीवाल्याने कापलेली चावी या दोघींहून वेगळी दिसते : खाचांमध्ये कानशीचे ताजे ओरखडे आणि नव्या धातूची चमक. तपासाला येणारा इन्व्हेस्टिगेटर अशा चाव्या रोज बघतो, त्याला भिंगसुद्धा लागत नाही. पॉलिसीत खोटी माहिती किंवा खोटा पुरावा दिल्यास सगळा दावा बाद होण्याची अट असते. म्हणजे आज जी नुसती अडचण आहे, ती तुम्ही स्वतःच्या हाताने लबाडी करून ठेवाल. तुमची गाडी खरोखर चोरीला गेली आहे. खऱ्या माणसाने खोटा कागद का जोडावा?

एक चावी हरवलेली असणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग नाही. पॉलिसीची अपेक्षा एवढीच असते की वाहनाची वाजवी काळजी घ्यावी. कंपनी दोन्ही चाव्या मागते ती खात्री करायला, की तुम्ही चावीसकट गाडी कुणाच्या हवाली केली नाही किंवा गाडीलाच लावून ठेवली नाही. तेव्हा असलेली चावी पोच घेऊन जमा करा आणि दुसरीबद्दल प्रतिज्ञापत्र द्या : साधारण कोणत्या महिन्यात, कोणत्या घरातून कोणत्या घरी जाताना हरवली, आणि त्यानंतर एकाच चावीवर गाडी वापरली. जुन्या-नव्या घराचे भाडेकरार असतील तर त्यांच्या प्रती जोडा. तारीख आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहा. पोलिसांत चावी हरवल्याची नोंद आज करणार असाल तर तिच्यावर आजचीच तारीख राहू द्या.

आता फिर्याद. तिची प्रत घेऊन शांतपणे बसा आणि शब्दन् शब्द वाचा. हे मी कळकळीने सांगते, कारण एक दावा माझ्या अजून मनातून जात नाही. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांनी ठाण्यात सांगितलं होतं, ‘गाडी चालू स्थितीत होती’, म्हणजे नादुरुस्त नव्हती, चांगली होती. कागदावर उतरलं ‘मोटारसायकल चालू स्थितीत लावून दुकानात गेलो’. कंपनीने त्याचा अर्थ काढला की इंजिन चालू ठेवून, चावी गाडीलाच ठेवून माणूस निघून गेला. दोन शब्दांपायी तो दावा अकरा महिने अडकला. शेवटी पोलिसांकडे पुरवणी जबाब देऊन ते वाक्य दुरुस्त झालं, तेव्हा पैसे मिळाले. तुमच्या फिर्यादीत ‘हँडल लॉक करून’ हे शब्द आहेत का, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी अंकन् अंक जुळतात का, जागा आणि वेळ बरोबर आहे का, हे पाहा. चूक असेल तर तपासी अंमलदाराकडे पुरवणी जबाब नोंदवून मागा.

बहुतेक फिर्यादींत आणखी एक वाक्य असतं : ‘सदर मोटारसायकलचा आजूबाजूला व इतरत्र शोध घेतला असता ती मिळून आली नाही, म्हणून आज रोजी फिर्याद देत आहे.’ तुमच्याही फिर्यादीत ते बहुधा असेल. बुधवार ते शुक्रवार या दोन दिवसांचा खुलासा त्या वाक्यातच आहे, आणि तो पोलिसांच्या कागदावर आहे. त्याला ११२ च्या फोनची जोड द्या. मोबाईलमधला त्या संध्याकाळचा कॉल वेळेसकट दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोन बदलण्याआधी.

कंपनीला कळवायला झालेल्या उशिराबद्दल कायदा तुमच्या बाजूने बोलतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलं की उशीर टाळता येण्याजोगा नसेल आणि दावा खरा असेल, तर केवळ उशिरावर बोट ठेवून तो फेटाळू नये. जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला : चोरीची खबर पोलिसांना लगेच दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येत नाही. मात्र या निकालाचा आधार ‘पोलिसांना लगेच’ या शब्दांवर उभा आहे, म्हणून तुमचा तो ११२ चा कॉल लाखमोलाचा आहे.

खुलासा लांबलचक नको. साध्या मराठीत असा लिहा : ‘दिनांक अमुक, बुधवारी सायंकाळी गाडी चोरीस गेल्याचे लक्षात येताच मी ११२ वर कळवले (कॉलची नोंद सोबत). त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो, शोध घेण्यास सांगण्यात आले. शोध घेऊनही न मिळाल्याने शुक्रवारी फिर्याद नोंदवली (प्रत सोबत). पोलीस कंपनीस कळवतात असा माझा समज होता, म्हणून आपणास नवव्या दिवशी कळवले. गाडीची एक चावी सोबत देत आहे, दुसरी गेल्या वर्षी घर बदलताना हरवली आहे (प्रतिज्ञापत्र सोबत).’ ईमेलही करा आणि शाखेत छापील प्रत देऊन तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. पंधरावा दिवस उजाडायची वाट पाहू नका.

पैशांचं सांगते. फिर्यादीतल्या ३०,००० चा तुमच्या दाव्याशी संबंध नाही. चोरीत गाडी पूर्ण गेली असं धरतात आणि पॉलिसीवरचा आयडीव्ही हाच आधार असतो. ५६,००० मधून दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये, म्हणजे ५५,९००. कर्ज असल्याने त्यावर पहिला हक्क बँकेचा. समजा २३,४०० बाकी असतील, तर ते बँकेकडे जातील आणि तुमच्या खात्यात ३२,५०० येतील. म्हणून हप्ते थांबवायचे नाहीत. गाडी गेली तरी कर्ज तुमच्याच नावावर आहे. हप्ता चुकला की दंड आणि व्याज चढतं, ते शेवटी तुमच्याच रकमेतून जातं, शिवाय सिबिल बिघडतं ते वेगळंच.

कंपनी कदाचित म्हणेल की ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून ७५ टक्के देतो, म्हणजे ४२,०००. अटीचा काही भंग झाला पण चोरी खरी आहे, अशा दाव्यांत न्यायालयांनी ही वाट मान्य केली आहे. पण तुम्ही हँडल लॉक केलं होतं, चावी खिशात होती. तुमचा भंग कोणता, हे आधी लेखी विचारा. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर त्याआधी सही करू नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खातो तो पोलिसांचा ‘तपास लागला नाही’ असा अहवाल. आपल्याकडे त्याला ‘अ’ समरी म्हणतात : गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही. तपासी अंमलदार तो न्यायालयात पाठवतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर केल्यावर त्याची नक्कल मिळते. यात महिने जातात आणि तो आपोआप तुमच्या घरी येत नाही. दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन समरी पाठवली का, कोणत्या न्यायालयात, कोणत्या तारखेला, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मग सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयात नकलेचा अर्ज करा. तोपर्यंत पेठ रोडच्या आरटीओत चोरीचा अर्ज आणि फिर्यादीची प्रत देऊन ठेवा, म्हणजे तुमच्या एमएच १५ नंबरची गाडी परस्पर कुणाच्या नावावर होणार नाही. नावाच्या हस्तांतराचे फॉर्म २८, २९, ३०, बँकेचं ना हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, हक्क कंपनीकडे सोपवल्याचं पत्र, हे कंपनी नंतर मागेल, तेव्हा द्या. आणि वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर टाकून अधूनमधून ई-चलन पाहत जा. चोरीनंतरच्या तारखेचं चलन दिसलं तर त्यावरचा फोटो आणि ठिकाण लगेच तपासी अंमलदाराला द्या. पैसे मिळण्याआधी गाडी सापडली, तर ती न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करीन अशा लेखी हमीवर, सोडवून घ्यावी लागते आणि दावा फक्त मोडतोडीचा उरतो.

इतकं करूनही नकार आला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. नाशिकसाठी ते पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार टपालाने किंवा ऑनलाइन होते, मुदत एक वर्षाची. ग्राहक आयोगाची वाटही दोन वर्षांपर्यंत खुली असते.

प्रश्न : २०२२ मध्ये नवी गाडी घेतली. शोरूमने सांगितलं विमा पाच वर्षांचा आहे. पॉलिसीवरही २०२७ लिहिलंय. गाडी चोरीला गेली, तर कंपनी म्हणते चोरीचा विमाच नाही. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली, जळली, मोडली, याचा विमा म्हणजे ओन डॅमेज, आणि तो बहुतेक शोरूममध्ये एकाच वर्षाचा देतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. त्यातली ओन डॅमेजची तारीख पाहा. ती चोरीच्या आधी संपलेली असेल, तर दावा मिळणार नाही, आणि खोटी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तरी पान पाहिल्याशिवाय कंपनीचा शब्द मानू नका. शोरूमने ‘सगळं पाच वर्षांचं’ असं लेखी दिलं असेल, तर तो कागद जपा, ग्राहक आयोगात तोच कामाला येईल.

बाकीच्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे : हे पान वाचून झालं की गाडीच्या डिकीतली किंवा मोबाईलमधली पॉलिसी काढा आणि ती दुसरी तारीख बघा. संपली असेल तर फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी घेता येते, सप्टेंबर २०१९ पासून ती सोय आहे.

प्रश्न : नाशिकरोडच्या मित्राकडून जुनी गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली. पॉलिसी अजून त्याच्या नावावर आहे, आठ महिने बाकी आहेत. चालेल ना?
— एक वाचक, देवळाली

उत्तर : चालणार नाही. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे आलं, चोरीचं आलं नाही. आज गाडी गेली तर मित्राची गाडी नाही आणि तुमची पॉलिसी नाही. नाव बदलण्याचा अर्ज हस्तांतरापासून चौदा दिवसांत करायचा असतो. ते उलटून गेले असले तरी आजच करा, कंपनी गाडीची पाहणी करून नाव चढवेल. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मित्राचा आहे, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. नवीन नावाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, हातात येईपर्यंत गाडी रात्री रस्त्यावर लावू नका.