चासीला पावडर कोटिंग की इपॉक्सी?

प्रश्न : जुनी महिंद्रा जीप घेऊन उघडली आहे. बॉडी उतरवून चासी मोकळी केली. बेळगावच्या उद्यमबागेतले एक ओळखीचे म्हणतात पावडर कोटिंग करा. मित्र म्हणतो गॅल्व्हनाइजच कर, पुन्हा बघायला नको. गाडी जांबोटीकडं राहणार. काय करू?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : दोन्ही नको. इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात मारा आणि वर टू-पॅक पीयू काळा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग.

पावडर कोटिंग दिसायला झकास, गेट-ग्रिलला मी स्वतः तेच सांगतो. पण ती पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. त्या तापात सांध्यात मुरलेलं जुनं ऑइल पाझरतं आणि तिथं कोटिंग धरत नाही. चासीचे दांडे आतून पोकळ असतात, त्या बंद पेटीत तर पावडर नीट पोचतच नाही. पुढं खडा लागून टवका उडाला की पाणी खाली शिरतं. वरून काळी कुळकुळीत, आतून गंज! आणि जुन्या जीपला आज ना उद्या वेल्डिंग लागतंच. पीयूवर ब्रश फिरवून भागतं, पावडरवर नाही.

गॅल्व्हनाइज म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणं, आणि तो हौद सुमारे ४५० अंशांचा. लांब चासी त्यात पिळली, तर माउंटिंगची भोकं जुळवत बसा. हवा जायला वाट नसलेली पेटी हौदात फुटूही शकते.

पैसे घाला ते साफसफाईत. बेळगावात एवढ्या फाउंड्र्या आहेत, ब्लास्टिंगवाला, म्हणजे दाबाच्या हवेनं बारीक कण मारून गंज-रंग काढणारा, शोधायला लांब जायला नको. त्याआधी आडव्या मेंबरचे सांधे स्क्रूड्रायव्हरनं खरवडून बघा. तुमच्याकडची लाल माती तिथं ओली राहते आणि पत्रा खाते. हातोडीनं ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, बदबद वाजलं तिथं कापून नवा पत्रा जोडा. ॲसिडच्या हौदात मात्र बुडवू नका, सांध्यात राहिलेलं ॲसिड रंगाखालून काम करत राहतं.

ब्लास्टिंग झालं की उघड्या हातानं शिवू नका आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं. म्हणजे जुलैत जांबोटीला विषयच नको, दिवाळीनंतर बघा की. नुसता इपॉक्सी उन्हात भुकटतो, म्हणून वर पीयू. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून अंगणात फवारायची ती वस्तू नव्हे. बूथवाल्याकडूनच मारून घ्या. रंग वाळला की पेटीच्या आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीतला गंज रोखणारं मेण, सोडा, पण पाणी निचरायची भोकं बुजवू नका. अर्थच्या वायरी बसतात तिथला रंग खरवडा, नाहीतर लाइटी मिणमिणतील आणि तुम्ही बॅटरीला दोष द्याल.

आणि चासी नंबर! ब्लास्टिंगला देण्याआधी त्याचं पेन्सिलनं ट्रेसिंग काढा, वर जाड रबरपट्टी लावा आणि कामगाराला समोर उभं राहून दाखवा. आकडे पुसट झाले तर आरटीओत कुणी तुमचं ऐकून घेणार नाही.