सारखी लघवी लागते म्हणून पाणी तोडू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. बाकी सगळं नंतर, पण अभ्यासिकेतून सारखं उठावं लागतं म्हणून तू पाणीच कमी केलंयस ना, ते आधी परत सुरू कर. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट आणि गडद पिवळी होते, तीच मूत्राशयाला झोंबते आणि उलट जास्त वेळा जावंसं वाटतं.

इतकी वर्षं नर्सिंग केलं, त्यावरून सांगते, 'किती वेळा' यापेक्षा 'एका वेळी किती' हे जास्त कामाचं. दिवसाला सहा ते आठ वेळा तर बहुतेक सगळे जातातच. तीन दिवस एक जुना मेजरिंग मग बाथरूममध्ये ठेव आणि वेळ, किती झाली, काय प्यायलीस हे मोबाईलमध्ये लिही. लाजू नको, डॉक्टरला याचा खरंच उपयोग होतो.

दर वेळी भरपूर होत असेल, तहान भागत नसेल, रात्री पण उठावं लागत असेल, वजन उतरत असेल तर शुगर तपासायची, वय कमी आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि हो, दिवसाला चार लिटर पाणी पिण्याचं चॅलेंज घेतलेल्या मुली पण भेटतात, त्यांचा आजार काय ते उघडच आहे 😄

थोडी थोडी होते, जळजळ होते, ओटीपोटात दुखतं, वास येतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात तसं, तर बहुतेक इन्फेक्शन. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी, पुरुषांची साधारण २० सेंमी, त्यामुळे जंतू आपल्याकडे पटकन वर पोचतात, यात तुझ्या स्वच्छतेचा दोष असेलच असं नाही. धने-जिऱ्याचं पाणी पी, बरं वाटेल, पण त्याने जंतू मरत नाहीत. आणि मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक तर अजिबात घेऊ नको, कारण मग कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, बऱ्याचदा काहीच उगवत नाही आणि नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळायचं राहूनच जातं.

जळजळ नाही, रिपोर्ट क्लीन, तरी अचानक अशी लागते की पळावंच लागतं, याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. चहा-कॉफी कमी करून, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवून बऱ्याच जणींना फरक पडतो. पण हे इन्फेक्शन नाही हे नक्की झाल्यावरच हं, नाहीतर नुसतं दाबून धरत बसशील. बद्धकोष्ठता किंवा गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ पण मूत्राशयावर दाब देते. पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट कर, मी काही विचारणार नाही. आईला पण हाच त्रास आहे म्हणालीस, तर पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊन असं होऊ शकतं, बीपीच्या काही गोळ्यांनी पण लघवी वाढते, त्यांना वेगळं दाखवा.

थंडी वाजून ताप, पाठीत कुशीला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर डायरी वगैरे राहू दे, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

सध्या युरिन रुटीन, कल्चर आणि शुगर एवढं डॉक्टरना विचारून करून घे. सॅम्पल देताना सुरुवातीची थोडी सोडून मधली धर. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, रिपोर्ट आला की फोटो पाठव, रात्री ड्यूटीवर असले तरी बघेन.