शाळा सोडून नुसतं स्विमिंग? मिसी फ्रँकलिनचं करिअर बघा आधी

नमस्कार ताई, तुमचं पत्र मिळालं. लेक नववीत, स्टेटला २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये (पाठीवर पोहण्यात) मेडल, टाइम २ मिनिटं ३४ सेकंद, आणि आता सर म्हणतायत की शाळा बंद करा, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्या म्हणजे दोन्ही टाइम टँकवर येता येईल. मिस्टर म्हणतात करूया, पुढे अमेरिकेत स्कॉलरशिप मिळेल. आणि तुम्हाला रात्री झोप नाही.

आधी एक कौतुक, २०० बॅकस्ट्रोक हे काही सोपं काम नाही, आपल्याकडच्या उघड्या टँकवर तर वर बघायला छत पण नसतं, डोळ्यात ऊन आणि सरळ जायचं कशाच्या अंदाजाने तर लेनच्या दोरीच्या, भिंत दिसतच नाही, ५ मीटर आधी पताका दिसल्या की हात मोजायचे. पोरगी हे करतेय म्हणजे डोकं शांत आहे तिचं.

आता मिसी फ्रँकलिन. अमेरिकेची स्विमर, कोलोरॅडोत वाढलेली, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला १७ वर्षांची, चार गोल्ड एक ब्राँझ, २०० बॅकस्ट्रोकला २:०४.०६ चा वर्ल्ड रेकॉर्ड. (मिस्टरांना हे दाखवा, फ्रँकलिन भिंतीला हात लावेल तेव्हा आपल्या लेकीचे अजून जवळजवळ ४० मीटर बाकी असतील. नाउमेद करायला नाही सांगत, अंतर कळावं म्हणून.) जाहिरातवाले दारात उभे होते पण तेव्हाच्या कॉलेज स्पोर्टच्या नियमात पैसे घेतले की कॉलेजकडून पोहता यायचं नाही, म्हणून तिने सरळ नाही म्हटलं, आपल्या नेहमीच्या शाळेतून बारावी केली आणि बर्कलीला (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत) ॲडमिशन घेतली. २०१३ ला बार्सिलोनाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला सहा गोल्ड. लोक म्हणाले वेडी आहे, एवढा पैसा सोडला.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. २०१४ ला पाठ धरली, मग खांदे. २०१५ ला प्रोफेशनल झाली, २०१६ ला रिओत १०० बॅकस्ट्रोकसाठी टीममध्येच जागा नाही आणि २०० मध्ये फायनल पण नाही, एक गोल्ड मिळालं ते रिलेच्या हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, पोहल्याचं. मग दोन्ही खांद्यांची ऑपरेशन्स, आणि डिसेंबर २०१८ ला रिटायर. वय किती? २३. पण शिक्षणाचा धागा तुटला नव्हता त्यामुळे ती जॉर्जिया युनिव्हर्सिटीत जाऊन परत वर्गात बसू शकली.

दुसरी झिम्बाब्वेची कर्स्टी कॉव्हेंट्री. ती पण बॅकस्ट्रोकवाली, अमेरिकेत ऑबर्नला शिकली, २००४ आणि २००८ दोन्ही ऑलिंपिकला २०० बॅकस्ट्रोकचं गोल्ड, एकूण सात मेडल, नंतर देशाची क्रीडामंत्री आणि २०२५ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष. असं सगळ्यांचं होत नाही हे मला पण कळतं.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर अमेरिकन कॉलेज नुसता टाइम बघत नाही, नववी ते बारावी कोणते विषय केले आणि मार्क किती हे पण बघतं, म्हणजे लेकीचा हिशोब या वर्षीच सुरू झालाय आणि सर नेमकं आत्ताच शाळा सोडायला सांगतायत! पूर्ण खर्च निघेल अशी स्कॉलरशिप फार थोड्यांना मिळते. २०२१ पासून तिथले खेळाडू जाहिरातीतून कमावू शकतात हे खरं, पण आपल्या मुलांना स्टुडंट व्हिसामुळे ते अवघडच.

इथलं बघायचं तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे. फ्रीस्टाइलवाला, २००८ ला बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला एशियन गेम्सचं ब्राँझ, नंतर तहसीलदार, आणि नोकरी लागल्यावरही परत पाण्यात उतरून २०१८ ला जकार्तात ५० मीटरचं ब्राँझ एक शतांश सेकंदाने हुकलं. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्या पदाला लागणारं शिक्षण पाहिजेच, तिथे नुसतं मेडल दाखवून भागत नाही.

म्हणून माझं मत, शाळा सोडू नका. सकाळचं सेशन पूर्ण करू दे, शाळेत मुख्याध्यापकांना भेटून पहिल्या तासाची सवलत मागा, कॉम्पिटिशनच्या दिवसांची सुट्टी लेखी घ्या, ट्यूशन हवी तर एकाच विषयाची ठेवा. संध्याकाळचं सेशन आठवड्यात तीनदा. सरांना पटलं नाही तर त्यांना विचारा की २:३४ चं २:२५ कधी आणि कसं होणार, रागावू नका, नुसतं विचारा. ज्याच्याकडे प्लॅन असतो तो सांगतो.

आणि हो, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की रात्री उजवा खांदा दुखतो म्हणते आणि बाम लावून झोपते. बॅकस्ट्रोकवाल्या चौदा वर्षांच्या मुलीचा खांदा रात्री दुखतोय म्हणजे ते बामवर सोडायचं नाही. १७ नंबरच्या फॉर्मचं नंतर बघू, या आठवड्यात आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि काय म्हणाले ते मला कळवा.