बॅटरीची खोळ आणि बॅटरीची ओळख

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी इलेक्ट्रिक सायकलींच्या तीन बॅटऱ्या आहेत. इंदिरानगरहून अंबडच्या कारखान्यात जाण्या-येण्यासाठी ३६ व्होल्टची एक, रविवारी त्र्यंबकेश्वरला जाताना पिशवीत बरोबर ठेवण्यासाठी तशीच दुसरी आणि धाकट्या भावाच्या सायकलीची ४८ व्होल्टची तिसरी. भाऊ पुण्याला गेल्यापासून ही तिसरी नुसती पडून आहे. माझ्या रोजच्या बॅटरीचे रबरी कापडाचे कव्हर दोन पावसाळ्यांत उसवले आहे, भावाच्या बॅटरीचे मात्र नव्यासारखे आहे. आकार जवळपास सारखाच दिसतो. कव्हरांची अदलाबदल केली तर काही बिघडेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कापडी खोळ बदलता येते आणि आपल्या बाबतीत ती बदलावी असेच मी म्हणेन, कारण कपाटात पडून राहणाऱ्या बॅटरीला पावसाळी खोळीची गरजच नसते, ती गरज रोज रस्त्यावरचा चिखल अंगावर घेणाऱ्या बॅटरीला असते. मात्र त्याआधी एक काम करावे लागेल आणि त्याचा मापाशी किंवा शिवणीशी काहीही संबंध नाही. प्रत्येक बॅटरीच्या अंगावर, म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यावरच, पुसल्या न जाणाऱ्या शाईने तिचे व्होल्ट आणि तिचा चार्जर कोणता ते ठळक लिहून घ्यावे. आपल्या घरात आजवर ‘अमक्या रंगाच्या खोळीतली भावाची’ अशीच ओळख चालत आली असणार, कारण बहुतेक घरांत ती तशीच चालते. उशीचा अभ्रा बदलला तरी उशी तीच राहते, हे सर्वांना कळते. येथे मात्र अभ्रा बदलला की घरच्यांच्या लेखी उशीच बदलते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. एका दिवाळीच्या आवराआवरीत आमच्याकडच्या ३६ आणि ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या दोन्ही खोळी धुऊन वाळत घातल्या गेल्या आणि संध्याकाळी ज्याने कोणी त्या पुन्हा चढवल्या, त्याने हाताला येईल ती खोळ समोर दिसेल त्या बॅटरीला चढवली. रात्री मी लाल खोळीतली बॅटरी ३६ व्होल्टची समजून तिच्या नेहमीच्या ४२ व्होल्टच्या चार्जरला लावली. चार्जरचा दिवा लगेच हिरवा झाला, तेव्हा बॅटरी आधीच भरलेली असावी असे समजून मी निजलो. सकाळी उचलताना ती हाताला किलोभर जड लागली, म्हणून खोळ काढून पाहिली तर आत ४८ व्होल्टची बॅटरी. तिच्यात शिल्लक असलेला विद्युतदाबच चार्जरच्या दाबापेक्षा जास्त होता, त्यामुळे रात्रभर प्रवाह गेलाच नव्हता. आणि पुष्कळ चार्जरांचा दिवा बॅटरी भरली म्हणून नव्हे, तर प्रवाह जात नाही म्हणून हिरवा होतो.

माझे नुकसान एका रात्रीच्या चार्जिंगपुरतेच झाले. गोंधळ उलट दिशेने झाला असता तर गोष्ट इतकी हलकी राहिली नसती. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत सेलांचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो, म्हणून तिचा चार्जर ४२ व्होल्टचा. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा असे तेरा गट असतात, म्हणून तिचा चार्जर ५४.६ व्होल्टचा. हा मोठा चार्जर लहान बॅटरीला लावला तर एकेका सेलच्या वाट्याला साडेपाच व्होल्टांच्या आसपास दाब येऊ पाहतो. बॅटरीतली बीएमएस, म्हणजे संरक्षणाची पाटी, तो अडवते हे खरे. परंतु ती शेवटची कडी आहे, आणि नेमकी तीच नादुरुस्त असेल तर सेल तापून पेटण्यापर्यंत मजल जाते. त्यात अनेक चार्जरांच्या पिना एकाच मापाच्या असतात, त्यामुळे चुकीचा चार्जर खोबणीत विनातक्रार बसतो. तशीच ४८ व्होल्टची बॅटरी ३६ व्होल्टच्या सायकलीला जोडली गेली, तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला जाणारी वीज सांभाळणारी पेटी, जळण्याची भीती असते. म्हणून चार्जरांवरही बॅटऱ्यांवर लिहिलेलेच शब्द लिहावेत आणि खोळीच्या रंगावर काहीही सोपवू नये.

आता प्रत्यक्ष खोळीकडे वळतो. ती बसते की नाही हे पाहताना लांबी-रुंदीपेक्षा तिची तोंडे पाहावीत. चार्जिंगच्या खोबणीवरची झडप, किल्लीचे छिद्र, वायर बाहेर येण्याची जागा आणि खोक्याखालची पट्टीवर सरकणारी खाच ही ठिकाणे दोन बॅटऱ्यांत बोटभर जरी इकडे-तिकडे असली, तरी खोळ ताणून बसवावी लागते, आणि ताणलेली खोळ वायरीला रोज त्याच जागी मुडपत राहते. काही बॅटऱ्यांच्या खोक्याला आतली हवा बाहेर पडण्यासाठी एक बारीक छिद्र किंवा पडद्याची गोल चकती असते. दुसऱ्या बॅटरीसाठी शिवलेली खोळ नेमके तेच झाकत नाही ना, हे पाहावे. तोंडे जुळत नसतील तर उगाच कात्री चालवण्यापेक्षा गाड्यांची सीटकव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडे बॅटरीच घेऊन जावे. तो मापाची खोळ बेतून देतो; मात्र तो टाचणी आणि सुई वापरणार असल्याने विजेची टोके आधी चिकटपट्टीने झाकून न्यावीत.

पावसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्र्यंबकच्या रस्त्यावर शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस असतो आणि आपला रविवारचा मार्ग तोच आहे. रबरी कापड, ज्याला निओप्रीन म्हणतात, ते स्वतः पाणी शोषत नाही. पाणी शिरते ते शिवणीच्या टोच्यांतून. एकदा आत शिरलेले पाणी मात्र खोळीच्या तळाशी तुंबून राहते आणि वरून सगळे कोरडे दिसते. भावाची खोळ चढवण्यापूर्वी ती पूर्ण उलटी करावी आणि तळाच्या शिवणीवरून बोट फिरवावे. बोटाला ओल किंवा बारीक रेती लागली, तर ती खोळ ‘नव्यासारखी’ फक्त बाहेरून आहे. बॅटरीच्या विजेच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरी साय धरली असेल, तर बॅटरी सायकलीवरून उतरवून ती कोरड्या, मऊ ब्रशने झाडावी. पाण्याने धुऊ नये आणि धातूचा ब्रश तर जवळही आणू नये. खोळीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात कारागिराकडून एक लहानशी धातूची कडी ठोकून घेतली, तर शिरलेल्या पाण्याला वाट मिळते. ती ठोकताना बॅटरी आत नसावी, हे लिहावे लागू नये. पण एका दुकानात मी ते होता होता राहिलेले पाहिले आहे.

उन्हाळ्यात हीच खोळ ओझे होते. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि निओप्रीन हे मुळात उष्णता अडवणारे कापड आहे. बॅटरी चालताना स्वतःही तापते. समजा, तिचा आतला रोध ०.१ ओहम आहे आणि चढावर १२ अँपियर प्रवाह ओढला जात आहे, तर साधारण १४ वॅट उष्णता आतच तयार होते; देव्हाऱ्यातला जुना झिरोचा बल्ब कापडात गुंडाळून ठेवावा, तसे हे आहे. म्हणून पाऊस संपला की खोळ काढून ठेवावी आणि चार्जिंग करताना तर ती कोणत्याही ऋतूत काढावीच. बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नये असे सांगतात. त्र्यंबकहून परतल्याबरोबर गरम बॅटरी चार्जरला न लावता तासभर पंख्याखाली ठेवणे उत्तम.

भावाची बॅटरी बिनखोळीची राहील याची चिंता करू नये. तिची टोके झाकून, ती अर्धी भरलेली असताना, म्हणजे मल्टीमीटरवर ४७-४८ व्होल्ट दिसत असताना, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा व्होल्ट तपासावेत. स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नये.

प्रश्न : माझ्या बॅटरीचे प्लास्टिकचे खोके सायकल पडल्यामुळे तडकले आहे. त्याच कंपनीची एक जुनी, मेलेली बॅटरी माझ्याकडे आहे. तिच्या खोक्यात हिचे सेल घालून घेता येतील का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. वरच्या पत्रातली खोळ हा बॅटरीचा रेनकोट होता. आपण विचारता ती तिची कातडी आहे. आतले सेल निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यांच्यामधून बीएमएसच्या केसासारख्या बारीक वायरी आणि तापमान मोजणारा संवेदक गेलेला असतो, आणि हा सगळा संच बाहेर ओढताना कुठेतरी आवरणाचा कागद फाटला की लगतच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. बॅटरीला ‘बंद’ करण्याचे बटण असले तरी ते सेलांना बंद करत नाही. स्क्रूड्रायव्हर दोन टोकांवर आडवा पडला तर त्याचे टोक वितळू शकते. शिवाय एकदा उघडलेल्या खोक्याचे रबरी सील पूर्वीसारखे बसत नाही, आणि खोके बदलल्याने अनुक्रमांकही बदलत असल्यामुळे हमीचा प्रश्न तेथेच संपतो.

मला खोक्यापेक्षा आतल्या सेलांची काळजी वाटते. जो आघात प्लास्टिक तडकवतो तो एखाद्या सेललाही पोचा पाडू शकतो, आणि अशा सेलचा दोष कधी कधी कित्येक दिवसांनी बाहेर येतो. बॅटरी कुठे फुगली आहे का, तिला गोडसर, रसायनासारखा वास येतो आहे का, ती स्वस्थ असतानाही गरम लागते का, हे पाहावे. यातले काहीही आढळले तर ती चार्ज करू नये. घराबाहेर, फरशीवर, जळाऊ सामानापासून दूर ठेवावी आणि विक्रेत्याला कळवावे. काहीही आढळले नाही तरी विक्रेत्याच्या सेवाकेंद्रात तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. मेलेली बॅटरीही तेथेच द्यावी. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती घंटागाडीत टाकली तर कचरा दाबला जाताना गाडीच पेटू शकते.

प्रश्न : आमच्याकडे थंडीत पारा फार उतरतो. रात्री चार्ज करताना कव्हर ठेवले तर बॅटरीला ऊब मिळेल ना?
— एक शिक्षिका, निफाड

उत्तर : ऊब मिळेल, पण ती नको तेव्हाची. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशांच्या खाली चार्ज केली तर सेलमध्ये लिथियम धातूचा थर साचू लागतो आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. निफाडची थंडी कडाक्याची असली तरी घरातले तापमान तेवढे खाली जात नाही. तेव्हा बॅटरी ओसरीवर न ठेवता आतल्या खोलीत आणावी, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग बिनखोळीची, शक्यतो घरातले जागे असताना चार्ज करावी. पहाटे शाळेला निघताना मात्र खोळ जरूर घालावी. थंडीत एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर थोडे घटते, ते तिच्यामुळे कमी घटेल, आणि ऊन वाढले की ते आपोआप पूर्ववत होईल.

प्रश्न : बाजारात मिळणाऱ्या एका कव्हरवर ‘आयपी ६७’ असे छापले आहे. ते घेतले तर पावसाची चिंता मिटेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : या दोन आकड्यांतला पहिला धुळीविषयी असतो आणि दुसरा पाण्याविषयी. ६ म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही नुकसान होईल इतके पाणी आत न शिरणे. ही कसोटी संपूर्ण बंद वस्तूची असते. जिला वायरीसाठी भोक आहे, किल्लीसाठी फट आहे आणि जी वेल्क्रोच्या पट्टीने मिटते, अशा शिवलेल्या खोळीला हा आकडा कसा लागू झाला, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. आकड्यावर विसंबून, गोदावरीच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलेले असताना गोदाघाटावरून सायकल काढू नये.

खोळीची परीक्षा घरीच होते. बॅटरीऐवजी तेवढ्याच आकाराचे लाकूड किंवा पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याभोवती जुने वर्तमानपत्र गुंडाळावे, वर खोळ चढवून ती सायकलीवर जशी बसते तशीच धरावी आणि पाच मिनिटे नळाची बारीक धार सोडावी. नंतर कागद उलगडून पाहिला की पाणी नेमके कोणत्या शिवणीतून आले ते दिसते. इंदिरानगरच्या वाचकांनीही भावाची खोळ आधी अशीच तपासावी.