खासगी वन्यजीव राखीव क्षेत्र स्वतःच्या पैशांवर आणि फक्त स्वयंसेवकांच्या मदतीने टिकेल का?

टिकेल, पण रोजची कामं स्वयंसेवकांवर सोडलीत तर नाही. गस्त, कुंपणाची डागडुजी, कोरडा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला गवत-पाचोळा साफ केलेला पट्टा) काढणं, याला पगारी माणूस हवाच. एक का असेना, पण आसपासचा. वणवा काही सुट्टीचा दिवस बघून लागत नाही. त्यामुळे नवा पाणवठा बांधण्याआधी त्या माणसाचा वर्षभराचा पगार बाजूला काढा.

स्वयंसेवकांना सुरुवात आणि शेवट असलेलं काम द्या: ट्रॅप कॅमेऱ्याची (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची) कार्डं बदलणं, पक्षिगणना, घाणेरी (लँटाना, रानभर पसरणारं परकं झुडूप) काढणं. अर्धा तास आधी दाखवण्यात घालवा. मी तीन हंगाम घाणेरी काढली आहे. उत्साही मंडळी ती वरवर छाटतात आणि पावसात तीच झुडपं दुप्पट फुटवे घेऊन उभी! मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं, आणि नंतर उगवणारी रोपं पुढची काही वर्षं उपटत राहावी लागतात.

हे सगळं लहान जागेपुरतं. हत्ती किंवा मोठे शिकारी प्राणी असतील तिथे नवख्यांना पायी फिरवू नका, आणि जखमी प्राण्याला तर हातही लावू देऊ नका.